वखारीत बसणारी माणसं

त्या वर्षी आमच्या गल्लीतली माणसं माझ्या हातून काही घ्यायची हळूहळू बंद झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. शेजारी आमटी दिली तर वाटी घासून परत यायची, पण हातात नाही, पायरीवर. वाणी साखरेची पुडी फळीवरून सरकवायचा आणि लगेच पाठ करून डबे पुसायला लागायचा. नवरा गेलेल्या बाईच्या वाट्याला निपाणीत काय येतं ते मी ओळखून होते. हळदीकुंकवाला बोलावणं नसायचं, लग्नघरात मागच्या दारानं जायचं असायचं. पण हे त्यातलं नव्हतं. मी शनिवारी वखारीत जायला लागल्यावर हे सुरू झालं होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. माझा नवरा तंबाखूच्या एका पेढीवर माल तोलायचं काम करायचा. त्याला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग दवाखाना झाला, आणि पंधरवडा सरायच्या आत तो गेला. मी प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. दोघी एकाच माणसासाठी रडत होतो, पण एकमेकींसमोर नाही. त्या देवासमोर बसून तोंडाला पदर लावायच्या, मी न्हाणीत बादलीचा आवाज करत रडून घ्यायची.

गल्लीच्या टोकाला एक नर्सबाई राहायच्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. बौद्ध घरातल्या होत्या. त्यांच्या आईनं वखारीत तंबाखू चाळून चाळून त्यांना शिकवलं होतं. कॉलेजात जाणारा त्यांचा एकुलता मुलगा दोन-तीन वर्षांपूर्वी वेदगंगेत पोहायला उतरला होता, तो परत आला नाही. माझ्या नवऱ्याला सलाइन लावायला त्याच यायच्या. तेराव्यानंतर एका संध्याकाळी त्या घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, पण कान तुटलेल्या वेगळ्या कपात. आक्कांनी कपाकडे बघितलं, चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि निघताना मला म्हणाल्या, "शनवारी तुझी शाळा सकाळची असतीया न्हवं? दुपारी वखारीत ये. काय करायचं न्हाई. नुसतं बसायचं."

ती वखार गावाच्या कडेला होती. हंगाम संपला की पावसाळाभर बंद असायची आणि किल्ली राखणदाराकडे. राखणदाराला आम्ही आप्पा म्हणायचो. साठीचा माणूस. बायको गेल्यापासून घरात जेवण गोड लागत नाही म्हणून भाकरी फडक्यात बांधून वखारीतच येऊन खायचे. त्यांनीच आक्कांना जागा दिली होती. आत उरलेल्या पोत्यांच्या थप्प्या, वर पत्रा, आणि हवेत तंबाखूची बारीक धूळ. शिरलं की आधी शिंका यायच्या, मग डोळ्यांना धार लागायची. तिथं रडायला निमित्त लागत नव्हतं आणि रडलेलं लपवावंही लागत नव्हतं.

आक्कांचे नियम दोनच होते. देवाची मर्जी म्हणायचं नाही आणि कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकून घ्यावं. आप्पा कित्येक शनिवार बायको कालवणात काय काय घालायची एवढंच सांगत होते. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा नवऱ्याबद्दल बोललेच नाही. त्याच्या पिवळ्या पडलेल्या नखांबद्दल बोलले. सगळ्यांनी ऐकलं. त्या रात्री मला झोप लागली.

आमच्यात एक म्हातारी यायची. तिची सून बाळंतपणात गेली होती आणि तान्हं पोर म्हातारी सांभाळत होती. नंतर जांबोटीकडची एक तरुण बाई यायला लागली. निपाणीत दिलेली. नवरा ट्रक चालवायचा, तंबाखू घेऊन कुठं कुठं जायचा, महिनामहिना तोंड दिसायचं नाही. तिचा दोन वर्षांचा मुलगा गोवरानं गेला होता. थोरली मुलगी माझ्याच वर्गात होती. जांबोटीची बाई पहिले काही शनिवार दाराशीच बसली, उठून पळता यावं अशी. मग हळूहळू आत सरकली. बोलायची कमी, पण दुसऱ्याचं ऐकताना तिचे ओठ हलायचे.

पाऊस सुरू झाला आणि आप्पांचा धाकटा भाऊ गेला. धडधाकट माणूस, बांधावर टेकला तो उठलाच नाही. पुढं पावसाळा निम्म्यावर आला असताना म्हातारीचं ते तान्हं पोरही गेलं. एका पावसाळ्यात कुठल्याही गावात दोन माणसं जातातच. पण ही दोन्ही मरणं वखारीत बसणाऱ्यांच्या घरी झाली होती, आणि गावानं ते बरोबर हेरलं.

मला ते सासूबाईंनी सांगितलं. तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, त्या वखारीत मरण येऊन बसतं असं लोक बोलतात. तुमच्यात बसून तुमचं सगळं ऐकतं आणि उठायच्या वेळी कुणाच्या तरी मागोमाग त्याच्या घरी जातं. मी हसले. त्या हसल्या नाहीत. खडा काढून बाजूला टाकत एवढंच म्हणाल्या, "आता आपल्या घरात न्यायला मीच उरलेय गं बाई."

मी ट्रेनिंग झालेली मास्तरीण होते. असल्या गोष्टी खऱ्या नसतात हे मला कळत होतं. तरी त्या शनिवारी वखारीतून घरी आले तेव्हा अंगणातच थांबले, पायांवर पाणी घेतलं आणि मागं वळून बघितलं. गल्ली रिकामी होती. समोरच्या घराचं दार मात्र कुणीतरी आतून हळूच लोटून घेतलं. हजेरी घेताना मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायची माझी जुनी सवय होती. ती मी त्याच आठवड्यात सोडली. का सोडली ते स्वतःला विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी एक पालक हेडमास्तरांकडे येऊन आपला मुलगा दुसऱ्या वर्गात घाला म्हणून गेला. हेडमास्तर भला माणूस. मला बोलावून म्हणाले, बाई, थोडे दिवस तिकडं जाऊ नका, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. मी हो म्हटलं आणि शनिवारी गेले. न जाऊन मला राहवलं नसतं.

त्या दिवशी जांबोटीच्या बाईनं पहिल्यांदा आपणहून विचारलं, "आक्का, लोक म्हणत्यात ते खरं असलं तर?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आक्का म्हणाल्या, "लोकांस्नी कायतरी कारण लागतंय. माझं पोरगं गेलं तवा मलाबी लागलं हुतं."

ती मान हलवत राहिली, पटलं असावं तशी. पण जरा जास्तच लवकर पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिची मुलगी शाळेत आली ती वेड्यावाकड्या वेण्या घालून. भांग कानाकडं गेलेला, रिबीन सुटलेली. मी विचारलं, आज वेणी कुणी घातली? म्हणाली, मीच. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पोरगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि कुणाची तक्रार सांगावी तशा आवाजात म्हणाली, आई मला हात लावत नाही. ताट लांबून सरकवती. झोपायला मला शेजारच्या काकूकडं पाठवती.

मी आक्कांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

आणि त्यानंतरच्या शनिवारी जांबोटीची बाई हसत आली. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. आप्पांच्या नातवासाठी तिनं आपल्या मुलाचे कपडे घडी करून आणले होते, एक नवं कोरं झबलंही त्यात होतं. मला तिनं आपली ठेवणीतली जरीकाठी चोळी दिली. मी नको म्हटलं तर म्हणाली, ठेवा हो बाई, मला कुठं लागते. त्या दिवशी ती सगळ्यांशी बोलली, म्हातारीचे पाय चेपून दिले आणि सगळ्यांच्या आधी उठून गेली. आप्पांना फार बरं वाटलं. पोरगी सावरली म्हणाले. आक्का मात्र दाराकडं बघत बसल्या होत्या. वाटेत मला म्हणाल्या, "मला तिचं हसणं बरं वाटंना. दवाखान्यात अशी माणसं बघितल्यात मी. एकदम शांत हुत्यात."

आम्ही ठरवलं की रोज कुणीतरी तिच्याकडं जायचं. आक्का ड्यूटीवर जाता-येता डोकावायच्या, मी शाळा सुटल्यावर जायची. ती प्रत्येक वेळी हसून चहा करायची. घर रोज जास्त रिकामं दिसत होतं. फडताळातली भांडी कमी झाली होती. मुलाचा पाळणा आढ्यापासून सोडवलेला होता.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. आम्ही दोघी थेट तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप. मुलगी शेजारणीच्या ओट्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. शेजारीण म्हणाली, सकाळच्या बसनं माहेरी जाते म्हणाली, पोरीला न्यायची नाही म्हणाली. मग मुलीकडं बघून ती गप्प झाली. मुलगीच म्हणाली, "आई म्हणाली, मी लांब गेली की तुला काय हुणार न्हाई."

आक्कांनी घरी निरोपही पाठवला नाही. मी शेजारणीच्या पोराकरवी सासूबाईंना कळवलं आणि आम्ही दुपारची बेळगावची बस धरली. घाटात धुकं उतरलं होतं. ड्रायव्हर दिवे लावून चालवत होता. आक्का पूर्ण वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत आणि उलगडत होत्या. बेळगावात पोचलो तेव्हा जांबोटीची गाडी निघून गेली होती, पुढची सकाळी. आक्कांच्या नात्यातल्या एका घरी रात्र काढली. मी झोपले की नाही आठवत नाही. पागोळ्यांचा आवाज आठवतो.

सकाळच्या गाडीत आम्ही धरून मोजकी माणसं होती. जांबोटीच्या अलीकडं रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. कंडक्टर कानडीत काहीतरी म्हणाला आणि बिडी पेटवून पायरीवर बसला, म्हणजे आता घाई नव्हती. आम्ही उतरून चालू लागलो. त्या भागातला पाऊस निपाणीसारखा येऊन जाणारा नाही, तो पडतच राहतो. रानातून दिवसाढवळ्या अंधार होता. डोक्यावर इरलं घेतलेला एक गुराखी भेटला. आक्कांनी विचारलं. म्हणाला, काल सांजचं एक बाई गेली, छत्री न्हाई, काय न्हाई. हाक मारली तर बघितलं न्हाई. नदीच्या अंगाला गेली.

तिच्या माहेरची वाडी नदीच्या काठालगत होती. भाऊ बैलांनी भाताची चिखलणी करून नुकताच घरी आला होता. आम्ही कोण, कुठल्या, हे त्याला कळेपर्यंत वेळ गेला. मग तो म्हणाला, ती हिकडं आलीच न्हाई. म्हणाला आणि लगेच त्याच्या ध्यानात आलं. हातातला चाबूक त्यानं तिथंच टाकला.

मलप्रभा तिथं लहानच आहे, पण त्या दिवशी ती तांबडी होऊन काठाच्या झाडांत शिरली होती. भाऊ पाण्याच्या कडेकडेनं हाका मारत पळत सुटला. मी त्याच्या मागं. आक्का पाण्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. किती वेळ कुणास ठाऊक. मी हाक मारली तरी वळल्या नाहीत. पाठ केली होती म्हणूनच त्यांना ते दिसलं: वरच्या उतारावर, रानाच्या तोंडाशी गुरांची एक पडीक खोप होती, आणि तिच्या गवतातून धूर निघत होता.

ती आत होती. ओल्या काटक्या पेटवून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आम्हाला बघून तिला नवल वाटलं नाही, ती फक्त मागं सरकली, कुडाला टेकेपर्यंत. "जवळ येऊ नका," म्हणाली. "मी हितंच बरी. माझ्याबरूबर जे हाय ते हितंच ऱ्हाऊ दे."

भाऊ रागानं काही बोलणार होता. आक्कांनी त्याला हातानं थांबवलं आणि बाहेरच उभं राहायला सांगितलं. मग त्या खाली बसल्या, ओल्या जमिनीवर, तिच्यापासून वावभर अंतरावर. मीही बसले.

"आमच्याबी बरूबर तेच हाय," आक्का म्हणाल्या. "मग आम्हीबी हितंच बसतो."

धुरानं डोळे झोंबत होते. माझ्या तोंडून आलं ते हेच, की मी शाळेतल्या पोरांच्या डोक्याला हात लावायचं सोडलंय. तुझ्या मुलीच्यासुद्धा. रोज तिच्या बाकाशी जाते आणि हात मागं घेते. जांबोटीची बाई माझ्याकडं बघायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं नीट बघितलं असेल.

मग ती बोलली. शेजारच्या गल्लीत एका मुलाला गोवर निघाला होता, त्या घरी ती मुलाला कडेवर घेऊन गेली होती. त्या घरची बाई तिची मैत्रीण होती, नाही जाऊन कसं चालेल. त्यानंतर तिच्या मुलाला ताप भरला. वखारीत इतके महिने बसून हे तिनं सांगितलं नव्हतं. मरण आपणच उचलून घरी आणलं होतं हे तिला आधीपासूनच ठाऊक होतं. गावानं नुसतं मोठ्यानं म्हटलं. काल ती नदीपर्यंत गेली होती. त्यापुढं ती काही सांगेना आणि आम्ही विचारलं नाही. आक्का इतकंच म्हणाल्या की त्यांच्या मुलाला त्या दिवशी नदीवर जायला त्यांनीच सोडलं होतं. अभ्यास झाला असला तर जा, म्हणाल्या होत्या.

दुपार उतरेपर्यंत आम्ही तिघी तिथं बसलो. भाऊ बाहेर पावसात उभा होता. शेवटी तीच उठली, कारण तो भिजतोय हे तिच्या ध्यानात आलं.

ती आठेक दिवस भावाकडं राहिली आणि मग भावानं तिला निपाणीत आणून सोडलं. मुलगी अंगणात उभी होती. आई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. कुणीच पुढं झालं नाही. आक्का म्हणाल्या, घाई करू नका. वेण्या बरेच दिवस वाकड्याच होत्या. मग दिवाळीच्या आधी एका सकाळी मुलगी शाळेत आली ती सरळ भांग घेऊन. मी वर्गात सगळ्यांच्या देखत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि थंडीत त्या मुलीला मुदतीचा ताप आला.

त्या दिवसांत गल्ली कशी होती ते मला अजून सांगता येत नाही. कुणी वाईट बोललं नाही. माणसं फक्त वाट बघत होती. मी रस्त्यानं चालले की बोलणी थांबायची आणि डोळे विचारायचे, झालं का? सासूबाईंनी रोज देवापुढं दिवा लावला. मुलीसाठी लावला की आमच्या घरासाठी, ते मी विचारलं नाही. दवाखान्यात आई मुलीच्या उशाशी बसून होती, हात तिच्या कपाळावर. पळून गेली नाही. आप्पा, म्हातारी आणि मी व्हरांड्यात बसायचो. तापाचा पारा चढला की आक्का बाहेर येऊन पुन्हा आत जायच्या. एका दुपारी म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आपण हितं बसू नये का गं? मी तिचा हात धरून ठेवला. मलाही तेच वाटत होतं.

ताप उतरला. मुलगी वाचली. केस सगळे गेले तिचे, पण वाचली.

गावानं तेवढ्यावरून आपलं मत बदललं नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा चाळणाऱ्या बायका त्या वखारीत पाऊल ठेवायला तयार होईनात. मालकानं आप्पांकडून किल्ली काढून घेतली, कुणा बुवाला आणून कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडलं. आप्पा बोरगावला लेकीकडं गेले आणि दोन उन्हाळ्यांनी तिथंच वारले. आक्कांनी बैठक बौद्ध विहाराच्या सोप्यात नेली. म्हातारी तिथं आली नाही, आणखीही काही जण आले नाहीत. ज्यांना मरणाची भीती वाटली नव्हती त्यांना विहाराच्या पायरीची वाटली. आम्ही दोघी-तिघी काही वर्षं बसत राहिलो. मग माझी बदली झाली.

नंतर एकदा, पंच्याऐंशी सालानंतरची गोष्ट, मी बेळगावात असताना जांबोटीची बाई मला बाजारात भेटली. नवऱ्यानं ट्रक सोडून बेळगावजवळ सांबऱ्यात घर केलं होतं. मुलगी हायस्कूलला होती. उभ्या उभ्या बोललो. ती म्हणाली, सांबऱ्यात एका घरी तरुण पोर गेलंय, आई कुणाशी बोलत नाही, मी रोज जाऊन बसते. आज तुम्ही पण चला. मला नाही म्हणता आलं नाही.

त्या घराच्या दारात एक म्हातारी उभी होती, मेलेल्या पोराची आजी असावी. तिनं आम्हाला पायापासून वरपर्यंत बघितलं. जांबोटीच्या बाईला ती ओळखत होती. मला विचारलं, "तू कोण गं?"

"यांचंबी माणूस गेलंय," जांबोटीची बाई माझ्याऐवजी म्हणाली.

म्हातारी दारातून हलली नाही. तिचा हात चौकटीवर होता. आमच्या मागं रस्त्यावर कुणी आहे का तसं तिनं आमच्या खांद्यांवरून बाहेर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग ती बाजूला झाली. आत अंधार होता आणि कोपऱ्यात कुणीतरी भिंतीकडं तोंड करून बसलेलं होतं. आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो.